घरची रोजनिशी : रमाबाई रानडे यांच्या ‘आठवणीं’चे एक वाचन

१

इ. स. १९१० या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पहिली गोष्ट अशी की, त्या वर्षी इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. दुसरी अशी की, त्याच वर्षी श्रीमती रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत, वाळवीच्या आणि वाण्याच्या तोंडी पडत असलेली जुनी दप्तरे गोळा करावीत, वाचावीत आणि छापावीत, हे मंडळाचे व्रत. अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका विधवा स्त्रीने नऊ वर्षांपूर्वी निवर्तलेल्या पतीबरोबरचे दिवस आठवून लिहावेत, हा पुस्तकाचा विषय. पहिल्या कार्यास आपण इतिहास म्हणतो. दुसऱ्यास आपण भक्ती म्हणतो, फार तर ‘स्त्रियांचे आत्मचरित्रपर लेखन’ असे म्हणतो, आणि वाङ्मयेतिहासाच्या एका आदरयुक्त कोपऱ्यात त्यास बसवतो.

ही वाटणी मुळातच चुकली आहे, असे मला वाटते. रमाबाईंचे पुस्तक हे एक दप्तरच आहे. ते राजवाड्यांच्या रुमालांत सापडले नाही इतकेच.

हा विचार मनात येण्यास एक साधे निमित्त घडले. दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस मयूर विहार ही जी वसाहत आहे, तेथे मी राहतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली, संसदेच्या आणि सचिवालयाच्या आसपास आयुष्य घालविलेली बरीच कुटुंबे येथील गृहसंस्थांत आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. काही वर्षांपूर्वी असेच एक घर रिकामे होत असता मदतीसाठी मला बोलावणे आले. घरातील कर्त्या पुरुषाने सार्वजनिक जीवनात काही काळ काढला होता. त्यांची पत्रे, भाषणांचे मसुदे आणि कात्रणे यांची मुलांनी नीट वर्गवारी केली होती. ती कोणत्या ग्रंथालयास द्यावीत याचा विचार चालला होता. दाराशी मात्र रद्दीवाल्यासाठी एक वेगळा गठ्ठा बांधून ठेवला होता. त्यात आईच्या वह्या होत्या. “त्यात काही नाही हो, आईचं आपलं घरचंच आहे,” असे मला सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या स्वरात अनादर नव्हता. मायाच होती. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

२

‘घरचेच’ म्हणजे ‘इतिहासाचे नव्हे’, हे समीकरण न्यायमूर्ती रानड्यांना स्वतःला मान्य झाले असते काय? मला वाटते, झाले नसते. आणि त्याचा पुरावा त्यांच्याच लेखनात आहे.

रानडे हे पेशाने न्यायाधीश. इतिहास हा त्यांचा हौसेचा विषय. तरीही ‘मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्या निबंधाचे मर्म थोडक्यात असे सांगता येईल: बखरी आणि ग्रांट डफ यांच्या इतिहासात लढाया आहेत, तह आहेत, राजांची उठाठेव आहे, परंतु लोक कसे जगत होते, न्याय कसा मिळत होता, कर कसा बसत होता, जातीजातींतील तंटे कसे तुटत होते, विवाहाविषयी सरकार कोणती आज्ञा देत होते, हे पाहावयाचे तर दफ्तरातील रोजच्या नोंदींकडे वळले पाहिजे. मोठ्या घटनेपेक्षा नित्याची नोंद अधिक बोलते, हा रानड्यांच्या इतिहासदृष्टीचा गाभा होय.

आता हीच दृष्टी त्यांच्या पत्नीच्या पुस्तकास लावून पाहू. रानडे हे सार्वजनिक सभेचे पुण्यातील सूत्रचालक, मुंबई कायदेकौन्सिलाचे सभासद, १८८५ साली निघालेल्या राष्ट्रसभेचे पडद्याआडचे एक आधारस्तंभ आणि सामाजिक परिषदेचे प्रवर्तक. सरकारी चाकरीत राहून राजकारण करणाऱ्या या पुरुषाचे जीवन दोन ठिकाणी नोंदले गेले. एक नोंद सरकारी कागदांत, वृत्तपत्रांत आणि सभांच्या इतिवृत्तांत आहे. दुसरी घरात होती. ती लिहिणारी व्यक्ती एकच होती आणि तिने ती १९१० पर्यंत केवळ मनात बाळगली होती. रमाबाईंचे पुस्तक म्हणजे घरची रोजनिशी. त्यात महिन्याचा जमाखर्च नसेल. परंतु कोणत्या विचाराची घराला काय किंमत पडली, याचा हिशेब आहे.

३

काही नोंदी पाहू.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे हादरले होते. मे महिन्यात बुधवार वाडा जळाला आणि सरकारचा संशय पुण्याच्या सुशिक्षित ब्राह्मणांवर, म्हणजेच पर्यायाने रानड्यांवर, येऊन ठेपला. त्यांची तातडीने धुळ्यास बदली झाली. एवढे सर्व चरित्रकार सांगतात. परंतु संशयाखाली असलेल्या माणसाच्या घरी टपाल कसे येते, हे कोणत्याही सरकारी फाइलीत सापडणार नाही. ते रमाबाई सांगतात. पत्रे फोडलेली येत. वासुदेव बळवंतांच्या नावाने लिहिलेली बनावट पत्रेही येऊ लागली. ही आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून रानडे ती पोलिसांकडे पाठवून देत. सतरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातातील लखोट्याकडे पाहत आहे, आणि त्या लखोट्यात आपले सारे भवितव्य असू शकते याची तिला हळूहळू जाणीव होत आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. साम्राज्यसत्तेचे निष्ठावंत चाकर आणि तिचे टीकाकार, या रानड्यांच्या दुहेरी भूमिकेवर पुढे पुष्कळ चर्चा झाली. त्या भूमिकेचा खरा ताण मात्र या घरगुती नोंदीत जेवढा जाणवतो तेवढा त्या चर्चेत जाणवत नाही.

दुसरी नोंद विधवाविवाहाच्या चळवळीची. या चळवळीचे अग्रणी विष्णुशास्त्री पंडित यांनी स्वतः पुनर्विवाह केला होता. ते रानड्यांच्या घरी जेवावयास आले, तेव्हा घरात असलेले रानड्यांचे वडील इतके संतापले की घर सोडून जाण्यास निघाले. पुढे जे घडले ते वादविवादाने नव्हे, मुलाच्या मूक उभे राहण्याने घडले. सभेत ज्यांच्या युक्तिवादापुढे प्रतिपक्ष निरुत्तर होई, ते रानडे वडिलांपुढे शब्दही न काढता उभे राहतात आणि शेवटी आपला आग्रह आवरता घेतात. सुधारकांच्या कचखाऊपणावर टीका करणाऱ्यांनी या प्रसंगाचा पुष्कळ उपयोग केला आहे, तसाच त्यांच्या समर्थकांनीही. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, सुधारणेची लढाई प्रत्यक्षात कोठे लढली जात होती ते हा प्रसंग दाखवितो. ती व्यासपीठावर नव्हे, माजघर आणि ओटी यांच्या मधल्या उंबरठ्यावर चालली होती.

आणि त्या उंबरठ्याच्या आत ती स्त्रियांच्या वाट्यास आली होती. लग्न होताच रानड्यांनी पत्नीस अक्षरओळख करून देण्यास प्रारंभ केला, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. त्यापायी घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष कोणी सोसला, हे पुस्तक वाचल्यावाचून कळत नाही. इंग्रजी शिकविण्यास येणाऱ्या मिस हरफर्ड या बाईंजवळ बसल्यामुळे होणारा विटाळ, त्यावरून झालेली बोलणी. पंडिता रमाबाईंच्या व्याख्यानास गेल्याबद्दलचे टोमणे. आणि मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरापुढे इंग्रजी निवेदन वाचून घरी परतल्यावर झालेले स्वागत! ही शाळा, म्हणजेच हुजूरपागा, १८८४ साली सुरू झाली. तिच्या इतिहासात त्या निवेदनाचा गौरव होतो. ते वाचणाऱ्या बावीस वर्षांच्या स्त्रीने त्या दिवशी घरी काय ऐकून घेतले, याची नोंद तिने स्वतः केली नसती तर कोणीच केली नसती. शाळेची इमारत देणगीने उभी राहते. तिचा पाया अशा सोसण्याने भरला जातो.

१८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरणही असेच. टिळक, रानडे आणि इतर मंडळी यांनी तेथे चहा घेतला की नाही, बहिष्कार आणि प्रायश्चित्त यांचा न्याय काय, यावर त्या काळी वृत्तपत्रांचे रकाने भरले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, त्याबद्दल मित्रांनी आणि शत्रूंनी त्यांना सारखेच दोषी धरले. रमाबाईंच्या लेखनात हे प्रकरण वेगळ्या बाजूने दिसते. बहिष्कार म्हणजे श्राद्धास ब्राह्मण न मिळणे, मुलीबाळींचे माहेरी येणे थांबणे, मित्रांच्या घरांतील म्हाताऱ्या माणसांचे डोळ्यांत पाणी येणे. अशा गोष्टींची पुरुषांच्या तात्त्विक वादात गणना होत नाही. त्या ज्याने मोजल्या नाहीत, त्यास रानड्यांचे वर्तन कधीच पुरते कळणार नाही. पटणे न पटणे ही पुढची गोष्ट.

या सर्व गांभीर्यात एक हसरी नोंदही आहे, आणि ती मला विशेष प्रिय आहे. कलकत्त्याच्या मुक्कामात रमाबाईंना बंगाली शिकविण्यासाठी रानड्यांनी आधी आपण बंगाली शिकण्यास घेतले, आणि हजामत चालू असता न्हाव्याकडून उच्चार दुरुस्त करून घेऊ लागले. आतून हे संभाषण ऐकून रमाबाईंनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण देऊन त्यांची थट्टा केली. रानड्यांचा पुतळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा माणूस तेथे दिसणार नाही.

४

मजसारख्या भाषांतरकाराचे लक्ष प्रथम शब्दांकडे जाते. म्हणून आता एका शब्दाकडे वळतो. पतीचे नाव घ्यावयाचे नाही, ही त्या काळची रीत. रमाबाई ती पाळतात. मग शेकडो पृष्ठे ज्याच्याविषयी लिहावयाची त्यास काय म्हणावयाचे? त्यांनी ‘स्वतः’ हा शब्द योजला. ‘स्वतः कोर्टातून आले’, ‘स्वतःस बरे वाटत नव्हते’, अशी ही धाटणी आहे. आपल्या भाषेत ‘स्वतः’ म्हणजे ज्याचा तो. बोलणारा स्वतःविषयी बोलत असेल तर तो स्वतः. रमाबाईंच्या वाक्यात हा शब्द पतीकडे गेला आणि लिहिणाऱ्या स्त्रीकडे केवळ ‘मी’ उरला. आत्मवाचक शब्दच दुसऱ्यास देऊन टाकणारे आत्मचरित्र जगाच्या वाङ्मयात विरळा.

यात पूर्ण आत्मविसर्जन आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. कारण पुस्तकाच्या नावात रमाबाईंनी दुसरा एक शब्द ठेवला आहे, तो ‘आमच्या’. ‘त्यांच्या आयुष्यातील’ असे त्यांनी म्हटले नाही, ‘माझ्या’ असेही म्हटले नाही. आयुष्य दोघांचे, म्हणून आठवणी दोघांच्या. हा दावा नम्र आहे. परंतु तो दावा आहे.

भाषांतरांत त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १९३८ साली कॅथरिन गेट्स यांनी केलेले इंग्रजी भाषांतर अमेरिकेत ‘हिमसेल्फ’ या नावाने निघाले. आयर्लंडकडील इंग्रजीत घरच्या धन्यास असे संबोधण्याची रीत आहे, त्यामुळे शब्द म्हणून ही निवड चतुर म्हटली पाहिजे. परंतु आतील सर्वनाम बाहेर मुखपृष्ठावर आले आणि ‘आमच्या’ गेले. उपशीर्षकात ‘एका हिंदू स्त्रीचे आत्मचरित्र’ असे शब्द आहेत. तेथे ती नावाची व्यक्ती न राहता नमुना झाली. पुढे कुसुमावती देशपांडे यांनी केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९६३ साली दिल्लीहून भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘रानडे : त्यांच्या पत्नीच्या आठवणी’ अशा अर्थाचे आहे. येथे विषय रानडे आहेत आणि लेखिका ‘पत्नी’ आहे. कुसुमावतींसारख्या मर्मज्ञ समीक्षिकेच्या हातून भाषांतर उत्तम उतरले आहे. नामकरण प्रकाशकांच्या सोयीचे असावे. तथापि त्यात एक उपरोध दडलेला आहे. कुसुमावती आणि कवी अनिल यांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार पुढे १९७२ साली ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्या नावात दोघे आहेत. तेथे ‘आमच्या’ शाबूत राहिले.

५

दप्तर म्हटले की त्यातील गहाळ पानांचाही विचार करावा लागतो. रमाबाईंच्या पुस्तकात दोन मोठ्या रिकाम्या जागा आहेत.

पहिली रिकामी जागा पुस्तकाच्या आरंभीच आहे. १८७३ साली रानड्यांच्या प्रथम पत्नी निवर्तल्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या एकतीस वर्षांच्या या विद्वानाने आता विधवेशीच विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा. वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. ती कुमारिका म्हणजे पुस्तकाची लेखिका. ज्या तडजोडीबद्दल रानड्यांना जन्मभर बोल लागला, त्या तडजोडीवरच हिचे सारे आयुष्य उभे! या गोष्टीवर ती न्यायनिवाडा करीत नाही. घडले तसे सांगते आणि पुढे जाते. या ठिकाणी आजच्या वाचकास दोन मोह होतात. एक, तिच्या मौनास पातिव्रत्य म्हणावे. दुसरा, त्यात दडपलेला विद्रोह शोधावा. दोन्ही मोह टाळले पाहिजेत. मौन हाही पुरावा असतो. परंतु त्यातून आपणास हवा तो जबाब लिहून घेण्याचा अधिकार इतिहासकारास नाही.

दुसरी रिकामी जागा पुस्तकाच्या शेवटी आहे. १६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचा अंत झाला आणि तेथेच आठवणी संपतात. वस्तुतः रमाबाईंचे सार्वजनिक आयुष्य त्यानंतर फुलले. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली, ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. परिचारिकांचे शिक्षण, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी, स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ, या सर्वांत १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्या अग्रभागी राहिल्या. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्या सेवासदनाचा गाडा ओढीत होत्या. त्याविषयी त्यात एक प्रकरण नाही. ‘आमच्या आयुष्यातील’ असे नाव दिल्यावर एकटीचे आयुष्य त्यात बसेना, असे तर झाले नसेल?

शिवाय या तेवीस वर्षांत त्यांनी आणखी एक काम केले, जे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. पतीची धर्मपर व्याख्याने त्यांनी छापून काढली. १९१५ साली त्यांचे संकीर्ण इंग्रजी लेख एकत्र करून प्रसिद्ध केले. रानड्यांवर आज जो अभ्यास होतो, त्याच्या साधनांची जपणूक या स्त्रीने केली. राजवाड्यांनी बावीस खंड काढले म्हणून ते इतिहासाचार्य. रमाबाईंनी जपले ते घरचे म्हणून त्या केवळ सहधर्मचारिणी!

६

हा प्रकार एकट्या रमाबाईंचा नव्हे. काशीबाई कानिटकर यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या मृत्यूनंतर (१८८७) थोड्याच वर्षांत त्यांचे चरित्र लिहिले, ते मुख्यतः पत्रांच्या आधारे. मूळ कागद मिळवावेत, ते पडताळावेत आणि मग लिहावे, ही शिस्त शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने कोणत्याही संशोधक मंडळाची स्थापना होण्यापूर्वी पाळली. पण त्यांचे स्वतःचे कागद? आत्मचरित्राची त्यांची टिपणे अपुरी राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरोजिनी वैद्य यांनी ती संपादून, चरित्राची जोड देऊन प्रसिद्ध केली, म्हणून आज काशीबाई आपणास त्यांच्या आवाजात ऐकू येतात. एका स्त्रीच्या कागदांसाठी दुसऱ्या स्त्रीस जवळजवळ एक आयुष्य थांबावे लागले.

परदेशांतही फारसे निराळे घडलेले नाही. कॅनडाच्या लोकसभेचे अध्यक्ष जेम्स एडगर यांच्या पत्नी मटिल्डा यांनी माहेरच्या रिडाउट घराण्याची पत्रे जुळवून १८९० साली अपर कॅनडाच्या दहा वर्षांचा इतिहास सिद्ध केला. अमेरिकेतील सिनेटर चेस्नट यांच्या पत्नी मेरी यांची यादवी युद्धकाळातील रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर १९०५ साली कापूनछाटून निघाली. १९८१ साली सी. व्हॅन वुडवर्ड या इतिहासकाराने ती साक्षेपाने संपादिली तेव्हा तिचे खरे मोल कळले. म्हणजे प्रश्न लिहिण्याचा नव्हताच. अशा स्त्रिया लिहीतच होत्या. वाचणाऱ्यांची दृष्टी तयार होण्यास वेळ लागला.

७

मयूर विहारातून यमुना ओलांडून मी कधी कधी तीन मूर्तीच्या ग्रंथालयात जातो. नेहरू स्मारक म्हणून ते प्रसिद्धीस आले. २०२३ पासून त्यास पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय हे नाव आहे. तेथे राजकारणी पुरुषांचे खाजगी कागद खोक्याखोक्यांनी जपलेले आहेत. एखाद्या संग्रहाची सूची चाळताना ‘कौटुंबिक’ असे शीर्षक दिसले की अभ्यासक बहुधा पान उलटतो. मीही पूर्वी उलटीत असे. आता तेथे थांबतो. धुळ्यास आलेले ते फोडलेले लखोटे अशाच शीर्षकाखाली जमा झाले असते.

दाराशी बांधून ठेवलेल्या त्या गठ्ठ्याची दोरी मी त्या दिवशी सोडली आणि वह्या मागून घेतल्या. त्यांत किराण्याच्या याद्या होत्या, पाककृती होत्या, आल्यागेल्यांची नावे होती. आणि आणीबाणीच्या महिन्यांत घरी कोण येईनासे झाले, हेही तारीखवार लिहिले होते. घरच्यांनी त्या पुन्हा वाचल्या. आता त्या वह्या वडिलांच्या कागदांबरोबर एकाच पेटीत आहेत, आणि पेटीवर दोघांची नावे आहेत.